मिनूच्या जागेवर रुमाल

मिनूला शाळेत सोबत कोण करणार हा विषय मीटिंगमध्ये निघाला आणि मुलुंडच्या 'सुखशांती' सोसायटीतल्या माणसांना एकाएकी नाना रोग झाले. कुंदाकाकूंचे गुडघे धरले. जयवंत तावड्याला गाडी लागते, असं त्याला नेमकं तेव्हाच आठवलं. सेक्रेटरी श्यामसुंदर प्रधान तर म्हणाले, "मला पाठीचा त्रास आहे हो, पण मनानं मी मिनूबरोबरच असेन." मनानं बरोबर असण्यात प्रधानांचा हात धरणारं अख्ख्या आग्रा रोडवर कोणी नव्हतं.

मिनू म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या विद्याधर आणि वसुधा कारखानीसांची मृणालिनी. वय अकरा. लहानपणीच्या पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, पायांत लोखंडी कॅलिपर, काखेत कुबड्या आणि जीभ मात्र ठणठणीत. जवळच्या शाळेनं 'आमच्याकडे फार जिने आहेत हो' असं गोड बोलून तिला वाटेला लावलं होतं. दोन वर्षं पोर घरी बसून होती. मग चेंबूरला अपंग मुलांची एक शाळा सापडली. शाळेची एक मॅटाडोर मुलुंडहून निघून भांडुपला थांबत चेंबूरला जायची, तिच्यात मिनूला जागाही मिळाली. फक्त एक अट होती. परतीला शाळेची आया यायची, पण सकाळी गाडीत ड्रायव्हर एकटाच, म्हणून मुलाबरोबर घरचं नाहीतर शेजारचं एक मोठं माणूस हवंच.

विद्याधर आणि वसुधा दोघंही नोकरीवाले. वसुधाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळी लवकर पाळीवर हजर व्हावं लागे. मिनूला सोबत करता करता तिची सगळी रजा पहिल्या दोन महिन्यांतच संपली होती. आता सोबत मिळाली नाही तर एक तर तिची नोकरी सुटणार, नाहीतर मिनूची शाळा. मिनूला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण भिंतीपलीकडचं ऐकायला पाय लागत नाहीत.

"जयवंतराव, तुमची गिरणी बंदच आहे. तुम्ही घरीच असता," प्रधान म्हणाले.

"घरी असतंय म्हणजे रिकामो असतंय काय? सुक्या म्हावऱ्याचो धंदो करतंय मी!"

"एक दिवस जा. आपलीच मुलगी आहे."

'आपलीच' म्हटल्यावर जयवंताचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, एखाद्याला जबरदस्तीनं घोड्यावर बसवावं तसा तो मॅटाडोरमध्ये चढला. आणि दुपारी परत आला तो हसतच.

"अरे, झकास गाडी आसा!" तो जिन्यात उभा राहून ज्याला त्याला सांगू लागला. "ऐसपैस बसायचा. धक्काबुक्की नाय, काय नाय. घाटकोपरच्या मार्केटावरून जाता. ड्रायव्हर कुंडलिक आपल्या मुलुंडचोच, पोरांना सोडलान की रिकामी गाडी घेऊन परत येता. जाताना बोंबील दिले, येताना ऑर्डर घेतली!"

त्या संध्याकाळपासून सोसायटीची तब्येत सुधारायला लागली. कुंदाकाकूंचे गुडघे सुटले, कारण त्यांची लेक घाटकोपरला दिली होती आणि लेकीला रोज ताजं कालवण पोचवायचं होतं. प्रधानांची पाठ बरी झाली, कारण त्यांना चेंबूरच्या एका वैद्यांचं औषध चालू करायचं होतं. तळमजल्यावरच्या मीराला घाटकोपरला शिवणाचा क्लास लावायचा होता. पूर्वी सोबतीला माणूस मिळत नव्हतं, आता पाळ्यांवरून भांडणं होऊ लागली.

"गुरुवार माझा ठरला होता!"

"तुमचा मंगळवार झाला ना? मग? आम्हाला नाही का वाटत मिनूसाठी काही करावंसं?"

शेवटी प्रधानांनी तोडगा काढला. एकानं मिनूला उजवीकडून धरावं, एकानं डावीकडून. तिसऱ्यानं दप्तर घ्यावं. आणि या तिघांवर देखरेख करायला एक जबाबदार माणूस हवा, तो म्हणजे प्रधान स्वतः. असे चार जण मिनूला सांभाळायला जाऊ लागले. मिनूला दोनच हात होते, तेही कुबड्यांवर, त्यामुळे तिला नक्की कुठे धरायचं हे कोणालाच कळेना. मग धरायचं राहिलं आणि नुसतं जायचं उरलं.

यात प्रधानांची कमाल ही, की त्यांच्याकडे स्वतःची मोटार होती. काळी फियाट. सासऱ्यांचं चेंबूरला गॅरेज होतं, त्यांनी जाताना ती मुलीला, म्हणजे जानकीबाईंना दिली होती. गेली कित्येक वर्षं ती कंपाउंडात खाकी कव्हराखाली उभी होती. विचारलं की प्रधान म्हणत, "पेट्रोलचे भाव बघता ना? मध्यमवर्गीय माणसानं मोटार फक्त बाळगायची असते." जानकीबाई यावर कधी काही बोलत नसत. फक्त दर शनिवारी प्रधान मारुतीला गेले की त्या कव्हर जरा वर करून आत बसायच्या आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवायच्या. हे फक्त मिनूला माहीत होतं. तिच्या खिडकीतून कंपाउंड दिसायचं आणि जानकीकाकू आत बसून रिकामा स्टिअरिंग फिरवतात, तेही दिसायचं.

गाडीत मात्र दिवसेंदिवस हाल होऊ लागले. माणसं चार, पण गाठोडी चौदा, त्यामुळे जागा धरण्यावरून रोज वाद. मग आपल्या माणसांना जे सुचायचं तेच सुचलं. गाडी गेटाशी थांबली रे थांबली की खिडकीतून रुमाल आत पडू लागले. रुमाल पडला की जागा पक्की, मग खुद्द देव आला तरी उठवणार नाही. भांडुपला चढणाऱ्या आठ वर्षांच्या नंदूला तर कुठेच जागा उरायची नाही. नंदू बोलत नसे. जे सांगायचं ते बोटानं दाखवायचा. एकदा त्याला सुक्या बोंबलांच्या पिशवीवर बसवलं, तर चेंबूर येईपर्यंत तो नाकाकडेच बोट दाखवत होता.

"सांग ना गं शाळेत," नंदूची आई मिनूला हळूच म्हणाली.

"सांगितलं आणि हे सगळे रुसले तर?" मिनू म्हणाली. "मग एकही येणार नाही. त्यापेक्षा बोंबील बरे."

पण न सांगताही शाळेला कळलंच. गाडीतून मुलं उतरायची दोन आणि त्यांच्यामागून पिशव्या, डबे, कापडाची गाठोडी उतरायची ढीगभर. एके दिवशी मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंचा निरोप आला. मुलुंडच्या गाडीत मुलं कमी आणि बाजार जास्त असतो अशी तक्रार आहे. शुक्रवारी घंटेच्या आधी त्या स्वतः फाटकात उभ्या राहतील. गाडी मुलांसाठी धावते असं दिसलं नाही, तर मुलुंडची फेरी बंद.

वसुधाला रडूच कोसळलं. "आता काय करायचं हो?"

"करायचं काय?" प्रधानांनी छाती पुढे काढली. "शुक्रवारी सगळेच जाऊ! बघू दे त्यांना, एका मुलीमागे किती माणसं उभी आहेत ती."

शुक्रवारी सकाळी सोसायटीत लग्नघर असल्यासारखी गडबड होती. कुंदाकाकूंनी ठेवणीतलं पातळ काढलं. जयवंतानं सेंट मारलं, त्यामुळे बोंबील आणि सेंट असा एक तिसराच वास तयार झाला. वसुधा पाळीवर जाण्यापूर्वी काकूंना सांगून गेली, "काकू, मिनूला खाली घेऊन या हं."

"अगं, निर्धास्त जा!" म्हणून काकूंनी ते काम मीराला सांगितलं. मीराला वाटलं, जयवंतकाका पुरुषमाणूस, ते उचलूनच आणतील. जयवंत म्हणाला, सेक्रेटरी देखरेखीला आहेत ना. आणि देखरेख करणारे प्रधान सगळ्यांच्या आधी खाली जाऊन ड्रायव्हरशेजारची जागा धरून बसले होते.

गाडी आली. रुमालांचा पाऊस पडला. पण कुंदाकाकूंना म्हणायला हवं, त्या मिनूला विसरल्या नाहीत. आपला रुमाल टाकल्यावर त्यांनी कमरेचा दुसरा, फुलाफुलांचा रुमाल काढला आणि कुंडलिकच्या मागच्या सीटवर, मिनूच्या नेहमीच्या जागेवर नीट पसरून ठेवला. तिथं कोणी बसायला लागलं की त्या ओरडायच्या, "ए, मिनूची जागा आहे ती!"

"मिनूच्या जागेचं झालं ना?" कुंडलिकनं समोर बघतच विचारलं.

"झालं, कधीच झालं! चल तू!" सगळे एका सुरात म्हणाले.

गाडी निघाली. मिनूच्या जागेवर रुमाल बसला होता.

मिनू त्या वेळी जिन्यात होती. आता कोणी येईल, मग कोणी येईल म्हणून ती दारात उभी राहिली होती. कोणीच येईना तेव्हा दप्तर गळ्यात अडकवून ती एकेक पायरी उतरायला लागली. कुबडी खाली, मग एक पाय, मग दुसरा. गेटाशी पोचली तेव्हा मॅटाडोर कोपऱ्यावर वळत होती.

"अहो काका! काकू! थांबा!"

कोण थांबतंय! आत प्रधान सुहासिनीबाईंपुढे करायच्या भाषणाची तालीम घेत होते. मिनू रस्त्याकडे बघत राहिली. आज फेरी गेली म्हणजे शाळा गेली आणि पुन्हा ती खिडकी. तिनं एक कुबडी रागानं गेटावर आपटली.

त्या आवाजानं जानकीबाई बाहेर आल्या. "काय गं? तू इथं? मग ते सगळे कोणाला घेऊन गेले?"

"माझ्या जागेला," मिनू म्हणाली आणि मग मात्र रडलीच.

जानकीबाईंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा कव्हराकडे पाहिलं.

"काकू, तुम्हाला येते ना?" मिनूनं नाक पुसत विचारलं.

"गॅरेजवाल्याची मुलगी आहे मी. लग्नाआधी सगळं चेंबूर पालथं घातलंय. पण आता सवय नाही गं. आणि लोक काय म्हणतील?"

"लोक सगळे गाडीत बसून गेलेत काकू. इथं कोणी उरलंच नाही म्हणायला."

ही गोष्ट जानकीबाईंना एकदम पटली. त्यांनी पदर खोचला, कव्हर ओढून काढलं, मिनूला पुढच्या सीटवर बसवलं, कुबड्या मागे टाकल्या. फियाट एकदा खोकली, दोनदा खोकली आणि चालू झाली. पहिल्या वळणावर त्यांनी एका टांगलेल्या केळ्यांच्या घडाला धक्का दिला. केळेवाला बोंबलला.

"सॉरी हं भाऊ!" मिनू खिडकीतून ओरडली. "काकू, मस्त! जाऊ द्या!"

इकडे भांडुपला नंदू चढला. त्याची आई दारातच थबकली, कारण आत डबे, पिशव्या आणि गाठोडी यांमुळे तिळाला जागा नव्हती. नंदू आपल्या मैत्रिणीच्या जागेपाशी गेला. त्यानं रुमालाकडे पाहिलं. रुमाल उचलला, खाली पाहिलं. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलून खाली पाहिलं. मग त्यानं सगळ्यांकडे बघत रिकाम्या सीटवर बोट ठेवलं.

गाडीतल्या सगळ्या माना एकदम त्या बोटाकडे वळल्या.

"मिनू कुठाय?" कुंडलिकनं विचारलं.

"मीरा, तू आणणार होतीस ना?"

"मी? जयवंतकाका आणणार होते!"

"रे म्हाराजा! माका कोण बोलला? सेक्रेटरींची जबाबदारी ती!"

"माझी फक्त देखरेख आहे," प्रधान म्हणाले. "देखरेख करायला आधी कोणीतरी काम करावं लागतं!"

"वाट लागली," कुंडलिक म्हणाला. "आता बाईंना काय रुमाल दाखवू?"

गाडी मागं वळली. नंदूची आई 'आम्हाला उशीर होईल हो' म्हणत कशीबशी आत घुसली. वाटेत समोरून एक काळी फियाट गचके देत गेली. प्रधानांनी मान हलवली. "बघा, बाई चालवतेय. आणि कशी चालवतेय! असल्या बायकांना नवऱ्यांचा धाकच नाही."

मुलुंडला मिनू नव्हती. पण प्रधानांच्या तोंडून किंकाळी फुटली ती वेगळ्याच कारणानं. "माझी गाडी! चोरीला गेली!"

"आधी पोर शोधा हो!" कुंदाकाकू ओरडल्या. आता त्या खरंच रडत होत्या.

जयवंताची बायको वनमाला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं वरूनच सांगितलं, "चोरी कसली? जानकीवहिनी मिनूला घेऊन गेल्या शाळेत. काय हाकली गो बायेनं गाडी! बघत राहिले मी."

प्रधान मॅटाडोरच्या पायरीवर मटकन खाली बसले. मग सगळ्यांनी मिळून त्यांना आत ओढलं.

चेंबूरला सुहासिनीबाई फाटकात उभ्या होत्या. घंटेला थोडाच वेळ होता आणि मुलुंडच्या गाडीचा पत्ता नव्हता. एवढ्यात वाटेत तीनदा बंद पडलेली काळी फियाट आली, बरोबर फाटकाच्या मध्यभागी येऊन थांबली आणि बंद पडली. आतून मिनू उतरली.

"तू मोटारीनं आलीस?" बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमच्याकडे मोटार आहे? मग दुसऱ्या मुलांची जागा कशाला अडवता? हे तर फारच झालं."

एवढं धावत यावं आणि ते असं उलटावं! तिनं कुबड्या घट्ट धरल्या.

"बाई, ही मोटार आमची नाही. आमच्या सेक्रेटरींची आहे."

"मग सेक्रेटरी कुठे आहेत?"

"ते शाळेच्या गाडीनं येतायत."

सुहासिनीबाईंना हे कळायला जरा वेळ लागला. त्या काही विचारणार, तेवढ्यात मॅटाडोर येऊन फियाटच्या मागे थांबली. दार उघडलं. प्रधान उतरले, कुंदाकाकू डबा घेऊन उतरल्या, मीरा कापडाचं गाठोडं घेऊन उतरली, जयवंत पिशवी लपवत उतरला. सगळ्यात शेवटी नंदू उतरला. त्याच्या हातात फुलाफुलांचा रुमाल होता. तो धावत मिनूकडे गेला आणि तिचा रुमाल त्यानं तिला दिला.

"हे सगळे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे सोबती," मिनू म्हणाली. मग तिला राहवेना. "बाई, हे वाईट नाहीत हो. सगळे माझ्यासाठीच येतात. फक्त मला घ्यायचं विसरले."

कुंदाकाकूंनी पदर डोळ्याला लावला. जयवंत खाली बघून पिशवीची गाठ सोडायला आणि बांधायला लागला. बाईंनी ओठ घट्ट मिटले होते. रागानं की हसू दाबायला, ते काही कळत नव्हतं.

"आधी ती मोटार बाजूला घ्या. मुलं आत कशी येणार?" त्या प्रधानांकडे वळल्या. "तुमचीच ना? घ्या पुढे."

प्रधानांनी घसा साफ केला. टाय नव्हता तरी टाय सारखा केला. "पेट्रोल नसावं तिच्यात."

"मग ढकलतील सगळे. तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

"मला... म्हणजे पाठीचा जरा..."

"त्यांना मोटार चालवता येत नाही," जानकीबाई शांतपणे म्हणाल्या.

सोसायटीतल्या सगळ्यांनी प्रधानांकडे पाहिलं. इतकी वर्षं पेट्रोलचे भाव ऐकले होते बिचाऱ्यांनी!

"मी बसते स्टिअरिंगला," जानकीबाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही ढकला."

"छान," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मदतीला एवढी माणसं आलीच आहेत, तर होऊ दे मदत."

मग चेंबूरच्या त्या रस्त्यावर एक सेक्रेटरी, एक ठेवणीतलं पातळ, एक शिवणक्लास आणि एक सुक्या मासळीचा धंदा असे चौघे फियाटला खांदे लावून उभे राहिले. मिनू फाटकाला टेकून ओरडत होती, "प्रधानकाका, नुसती देखरेख नको! जोर लावा!" नंदू बोट दाखवून दाखवून हसत होता. घंटा झाली तेव्हा फाटक मोकळं होतं.

फेरी चालू राहिली. पण बाईंनी बजावलं, "गाडीत मुलं आणि एका मुलामागे एकच माणूस. दुसरं दिसलं की त्याच दिवशी फेरी बंद. आणि ते एक माणूस कोण, हे मूल ठरवेल."

संध्याकाळी वसुधा धावतपळत घरी आली. "काय गं झालं? सोबतीला कोण होतं आज?"

"सगळे होते," मिनू कॅलिपरचे पट्टे सोडत म्हणाली. "पण मी जानकीकाकूंना घेऊन गेले."

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धी शाळा. सकाळी वसुधानं कामावर जायला दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. बाहेरच्या कडीला चार रुमाल बांधलेले होते. एकाला बोंबलाचा वास येत होता, एकाच्या कोपऱ्यात सुईदोरा टोचलेला होता, एक इस्त्री केलेला होता. चौथा कुंदाकाकूंचा, त्यात दोन रव्याचे लाडूही बांधलेले होते.

"मिनू, अगं हे काय?"

मिनू कुबड्या टेकत आली. तिनं रुमाल बघितले आणि खो खो हसत सुटली. मग एकेक सोडून घडी घातली, लाडू दप्तरात टाकले आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "जानकीकाकू, आलात का?"

"कधीची उभी आहे गं!" पायरीवरून आवाज आला. "दप्तर दे इकडे. आणि हात दे."